गोठ्यातली देवयानी

गेलं वर्षभर आमच्या गोठ्यात म्हशीऐवजी दुर्बीण बांधलेली होती.

यात दुर्बिणीचा काही दोष नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरामागं परसबाग आहे. एक पेरू, दोन नारळ, कढीपत्ता आणि कोपऱ्यात गोठा. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शेवटची म्हैस म्हातारी होऊन गेली आणि गोठा रिकामा पडला. त्याच सुमाराला मला आकाश बघण्याचं वेड लागलं. (पन्नाशीत माणसाला काही ना काही लागतंच. माझ्या बरोबरीच्या काहींना साखर लागली, मला दुर्बीण लागली, असं माझी बायको शैला सगळ्यांना सांगते.) दुर्बीण ठेवायला चार भिंती हव्यात आणि वर छप्पर नको, अशी जागा मी शोधत होतो. गोठ्याचे पत्रे रुळावर घेतले, कारखान्याच्या फाटकाला असतात तसली चाकं लावली आणि ढकललं की छप्पर बाजूला, अशी सोय केली. मधोमध सिमेंटचा खांब उभारला, त्यावर दुर्बीण. झाली माझी वेधशाळा!

आबांनी ती मुकाट्यानं होऊ दिली, पण अट घातली.

"वरीसभर तुजं बघ," ते म्हणाले. "दिवाळीच्या पाडव्यापातुर तुज्या त्या नळकांड्यानं कायतरी दावलं, तर गोठा तुजा. न्हाईतर पाडव्याला म्हस आणनार."

"कायतरी म्हंजे काय, आबा?"

"म्हस रोज सकाळ-सांच्याला दूध देती. तुज्या नळकांड्यानं वर्षातनं एकदा तरी कायतरी द्यावं की."

मला हा सौदा फारच सोपा वाटला. सबंध विश्व माझ्या बाजूला होतं, आबांच्या बाजूला एक म्हैस. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना शनी दाखवला. कडीसकट! आबांनी एक डोळा मिटून तो बराच वेळ पाहिला आणि मग विचारलं, हे पुस्तकात आहे काय? मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, आहे की, सगळ्या पुस्तकांत आहे. आबा म्हणाले, मग पुस्तक आणायचं होतंस, गोठा कशाला मोडलास? गुरूचे चंद्र, चंद्राची विवरं, सगळ्यांची त्यांनी हीच वासलात लावली. जे आधीच पुस्तकात छापलेलं आहे ते दाखवलं, तर ते दुर्बिणीनं दिलं असं धरायचं नाही. थोडक्यात, गोठा वाचवायचा तर आकाशात नवीन काहीतरी सापडायला हवं होतं.

शैला या प्रकरणात तटस्थ होती. तटस्थ म्हणजे आबांच्या बाजूनं. पिशवीतल्या दुधाचं दही लावलं की ती वाटी तिरकी करून त्याचं पाणी मला दाखवायची.

पुढं थंडीत धुकं आलं, उन्हाळ्यात धूळ आली, आणि मग चार महिने कोल्हापूरचा पाऊस. नवरात्रात पावसानं उघडीप दिली तेव्हा पाडवा महिन्यावर येऊन ठेपला होता. आता डोळ्यानं बघून भागणार नाही, कॅमेऱ्यानंच काहीतरी करायला हवं, हे मला कळून चुकलं. घटस्थापनेपासून पाच रात्री मी दुर्बिणीला कॅमेरा जोडून आकाशाचे फोटो काढले. मुख्यतः देवयानी दीर्घिकेचे. (ही आपल्या आकाशगंगेची शेजारीण. नाव जेवढं सुंदर तेवढी ती दिसायला नसते. एकेका फोटोत ती तेलकट बोट काचेला लागल्यासारखी दिसते.) पण असे शेकडो फोटो संगणकाला दिले की तो ते एकावर एक रचतो आणि मग तिचं खरं रूप वर येतं. सगळे मिळून चारशेच्या वर फोटो झाले.

या कामात आणखी एक भानगड असते. आकाशाच्या फोटोंसोबत संगणकाला नुसत्या पांढऱ्या कापडाचेही फोटो द्यावे लागतात. दुर्बिणीच्या तोंडावर कापड ताणायचं आणि फोटो काढायचे. त्यात काही नसतं, म्हणूनच ते काढायचे. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ असेल तर ती त्या पांढऱ्यावर काळी उमटते. मग संगणक समजतो की या जागी डाग आहे, इथं उजेड कमी पडतोय, आणि खऱ्या फोटोत बरोबर त्या जागी तो उजेड वाढवून देतो. हे कापडाचे फोटो दिवसाउजेडी काढता येतात, म्हणून मी ते मागं ठेवले. काढू सावकाश, म्हटलं.

मधेच खंडेनवमी आली.

आबा शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत चाळीस वर्षं मोल्डर होते, साचे घालायचे. त्यांच्या लेखी खंडेनवमी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. घरातल्या एकूण एक हत्याराची पूजा झाली पाहिजे, आणि ज्याच्या हातात जे हत्यार असतं त्यानंच ती केली पाहिजे. शैलाचं शिलाई मशीन, आबांचं खुरपं, माझी स्कूटर, पान्हे, सगळं धुऊनपुसून मांडलं. आबा म्हणाले, तुजं नळकांडं बी आण. मला भरून आलं! वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी दुर्बिणीला हत्यार मानलं होतं. दुर्बीण खांबावरून सहज निघत नाही, म्हणून तिला जागेवरच झेंडूची माळ घातली आणि कॅमेरा सोडवून पाटावर आणून ठेवला.

आबांनी सांगितलं, कपाळाला टिळा लाव. आता कॅमेऱ्याचं कपाळ कुठलं? तो एक गोल डबा, त्याला समोर काचेचा एकच डोळा. मी सगळ्या बाजूंनी अंदाज घेतला आणि डोळ्याच्या वरच्या काठावर ठसठशीत टिळा लावला. हळद-कुंकू, अक्षता, सगळं यथासांग. तो इतका शोभून दिसला की मी फोटो काढणार होतो, पण कॅमेरा पाटावर होता.

संध्याकाळी कॅमेरा परत जोडला आणि राहिलेलं काम उरकायला घेतलं. घरात सगळ्यात पांढरं कापड म्हणजे आबांचं दसऱ्यासाठी धुतलेलं धोतर. ते दुर्बिणीच्या तोंडावर ताणून मी खटाखट तीस फोटो काढले. आबा गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले होते. कशाचे फोटो, त्यांनी विचारलं. धोतराचे, मी म्हटलं. किती काढलेस? तीस. आबांनी थोडा विचार केला. "एक बी चांगला येईना व्हय?" असं म्हणून ते आत गेले.

दसऱ्याला सकाळी मी फोटो घरात न्यायला सुरुवात केली. फोटो होते गोठ्यातल्या छोट्या संगणकात, आणि ते रचायचं काम करणारा लॅपटॉप होता स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मधे पंचवीस पावलांचं अंतर. घरातलं वायफाय कढीपत्त्याच्या झाडापर्यंत येतं आणि तिथं संपतं. मागं एकदा मी परसातून केबल ओढली होती, पण तिच्यावर शैलानं चादरी वाळत घातल्या आणि केबल भिंतीतल्या खुंटीसकट खाली आली. उरला पेन ड्राइव्ह. तो निम्मा पेठेतल्या तालीम मंडळाच्या गणपतीच्या मिरवणुकीनं भरलेला. (मिरवणूक पुसली असती तर मला पेठेत राहता आलं नसतं.) उरलेल्या निम्म्यात सगळे फोटो एकदम मावेनात, म्हणून फेऱ्या सुरू केल्या. गोठ्यात भरायचा, घरात रिकामा करायचा, पुन्हा गोठ्यात. अशा सहा फेऱ्या लागणार होत्या.

पण दसऱ्याच्या दिवशी कोल्हापुरात पंचवीस पावलं सलग चालता येत नाहीत. दर फेरीला कोणी ना कोणी सोनं घेऊन दारात उभं. आपट्याची पानं घ्यायची, आपली द्यायची, मोठे असतील तर वाकायचं, पुन्हा गोठ्याकडं. संगणक मला सांगायचा, अजून चार तास. पुढल्या मिनिटाला म्हणायचा, अकरा मिनिटं. मग एकदम दोन दिवस! चौथ्या फेरीला कुरुंदवाडहून अक्का आणि दाजी आले. अक्का माझी थोरली बहीण, आणि तिचे यजमान म्हणजे दाजी. मी खिशातनं मूठभर सोनं काढून दाजींच्या हातात ठेवलं, पाया पडलो आणि लॅपटॉपपाशी आलो तर खिशात पेन ड्राइव्ह नाही.

पाऊण तास आम्ही तो शोधत होतो. शैलानं देव्हाऱ्यातला पानांचा ढीग तीनदा उपसला. आबा काठीनं कढीपत्त्याचं बूड हलवून बघत होते. अखेर जेवणानंतर दाजींनी सुपारीसाठी खिशात हात घातला, तर आपट्याच्या पानांबरोबर देवयानी बाहेर आली. दाजी म्हणाले, मला वाटलं तुमच्यात आता असलं सोनं द्यायची पद्धत आली.

सहाव्या फेरीनंतर सगळं लॅपटॉपवर गेलं. आकाशाचे फोटो, धोतराचे फोटो, सगळे सॉफ्टवेअरच्या हवाली करून मी बटण दाबलं. पंखा असा काही घरघरायला लागला की आबांनी बाहेरून विचारलं, दसऱ्याचं दळण कोण काढलंय? शैलाला पुऱ्या लाटायला टेबल हवं होतं, तिला मी तिथं येऊ दिलं नाही. तिनं पुऱ्या जमिनीवर बसून लाटल्या आणि लाटण्याच्या आवाजातून आपलं मत कळवलं.

दिवेलागणीला चित्र तयार झालं.

देवयानी अशी काही दिसत होती की माझा माझ्यावर विश्वास बसेना. पण माझं लक्ष तिच्यावर राहिलं नाही. खाली उजवीकडं एक वलय होतं. रेखीव, गोल, तेजस्वी, आत पोकळ. मी दोन पुस्तकं काढली. त्यात नव्हतं. इंटरनेटवर शोधलं. नव्हतं. खरं सांगतो, मला रडू आलं. मी आबांना हाक मारली.

आबांनी चष्मा लावला. नंतर काय वाटलं कोण जाणे, डोक्याला टोपीही घातली. बराच वेळ त्यांनी ते वलय पाहिलं.

"ह्ये पुस्तकात हाय?"

"न्हाई, आबा. कुठल्याच पुस्तकात न्हाई."

आबा उठले. "मग गोठा तुजा," म्हणाले, आणि म्हैस नको असा म्हशीवाल्याला फोन करायला ओसरीवर गेले. जाताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला. तो हात मी शाळेत पहिला आलो तेव्हाही पडला नव्हता. (मी कधी पहिला आलो नाही, ते सोडा.) त्या भरात मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं की या वलयाला मी आबांचं नाव देणार. आबा वलय!

इथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण आमचे दाजी कुरुंदवाडात फ्लेक्स छापतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तालमीच्या कोपऱ्यावर बारा बाय आठचा बोर्ड उभा राहिला. 'आकाशात लावला शोध! अभिनंदन! अभिनंदन!! अभिनंदन!!!' मधे वलय, एका बाजूला गॉगल घातलेला मी, आणि दोघांहून मोठे शुभेच्छुक दाजी. खाली ठळक अक्षरात आमच्या घराकडं दाखवणारा बाण. तालमीनं कोजागरीला सत्काराचा कार्यक्रम ठरवला. मसाला दूध, फेटा, शाल, सगळं. आबा रोज सकाळी टोपी घालून कट्ट्यावर जायचे आणि परत येताना प्रश्न घेऊन यायचे. ते वलय किती मोठं? त्यात पृथ्वी बसेल काय? मी म्हणायचो, हजार बसतील. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्या लाखभर झालेल्या असायच्या.

सत्काराला नुसत्या एका चित्रावर कसं जायचं, म्हणून मी त्याच पाच रात्रींतले कृत्तिकांचे फोटो बाहेर काढले, तेच धोतराचे फोटो सोबत दिले आणि बटण दाबलं. कृत्तिका सुरेख आल्या. खाली उजवीकडं एक वलय होतं.

दुसरा शोध! मी तडक दाजींना फोन लावला. त्यांनी संध्याकाळपर्यंत फ्लेक्सवर 'दोन' असा तारा चिकटवायला माणूस पाठवला. मला तेवढ्यावर राहवलं नाही. मी आकाशाच्या तिसऱ्याच कोपऱ्यातले फोटो घेतले. खाली उजवीकडं वलय. तेवढंच, त्याच जागी, तितकंच गोल.

आता एक सांगायचं राहिलं. मी बावीस वर्षं शिरोलीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. कास्टिंगवर, म्हणजे साच्यातून निघालेल्या लोखंडी भागावर, डाग शोधायचे आणि माल नापास करायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. तीन वेगवेगळ्या कास्टिंगवर एकाच जागी एकच डाग आला तर आम्ही लोखंडाला विचारत नाही, साच्याला विचारतो. हे मी नव्या पोरांना शिकवतो. स्वतःच्या दोन चित्रांवर एकाच जागी एकच वलय आलं, तेव्हा मी दाजींना फोन केला!

मी धोतराचा एक फोटो उघडला. पांढऱ्या शुभ्र पडद्यावर, खाली उजवीकडं, एक काळं वलय. तसाच उठून गोठ्यात गेलो, कॅमेरा सोडवला आणि बॅटरीच्या उजेडात काच भिंगानं पाहिली. काठापाशी कुंकवाचा एक कण बसला होता. टिळ्यातून गळून आत पडलेला. माझ्या दुर्बिणीत अशा कणाची सावली ठिपक्यासारखी नाही, पोकळ वलयासारखी पडते.

आकाशाचे फोटो काढले तेव्हा काच स्वच्छ होती. धोतराचे काढले तेव्हा खंडेनवमी होऊन गेली होती. मी संगणकाला सांगितलं, इथं डाग आहे. बिचाऱ्यानं माझ्यावर विश्वास ठेवून स्वच्छ जागी उजेड ओतला. लाखभर पृथ्वी मावणारं आबा वलय म्हणजे, नसलेला डाग पुसायचा प्रामाणिक प्रयत्न होता.

शैलाला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही, हे जास्त लागलं. "आदी आबास्नी सांगा," ती म्हणाली. "बाकीचं मागनं."

एक रात्र मी काढली. गप्प बसलो तर कुणाला कळणार होतं? पेठेत दुसरी दुर्बीण नाही. पाडवा गेला की गोठा कायमचा माझा. पण सकाळी आबा टोपी घालून कट्ट्यावर निघाले, आणि मला ते बघवेना. मी त्यांना गोठ्यात नेलं. कापसाच्या बोळ्यावर तो कण उचलून ठेवला होता, तो त्यांच्यापुढं धरला.

"आबा, ते वलय न्हाई. ह्ये हाय. खंडेनवमीचं कुंकू."

आबांनी कापूस हातात घेतला, उजेडाकडं धरला. मी फोटोंचं, धोतराचं, डागाचं सगळं सांगितलं. चाळीस वर्षं साचे घातलेल्या माणसाला ते पहिल्या झटक्यात कळलं.

"लावलं कुणी?"

"मीच."

"मी कुटं लाव म्हंटलोतो?"

"कपाळाला."

"आणि तू घाटलास डोळ्यात." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर आपटली. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. आबांनी दुर्बिणीचा खांब हलवून बघितला. मग म्हणाले, "म्हशीला टिळा मी लावनार. तू लांब हुबा ऱ्हा."

सत्कार रद्द झाला नाही. फेटा आणला होता, दूध सांगून ठेवलं होतं, आणि आमच्या तालमीत एकदा ठरलेला सत्कार कारण नाही म्हणून थांबत नाही. मानपत्रात 'शोधाबद्दल'च्या जागी 'एकंदर धाडसाबद्दल' असं घातलं. फ्लेक्स मात्र राहिला. तो काढायला मोठी शिडी लागते, आणि ती गणपतीशिवाय मिळत नाही.

पाडव्याला म्हैस आली. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगुरमाळ, माथ्यावर मोरपीस. आबांनी तिच्या कपाळावर, बरोबर मधोमध, टिळा लावला आणि तिला माझ्या सिमेंटच्या खांबाला बांधलं. दुर्बीण गच्चीवर गेली, पाण्याच्या टाकीशेजारी. छप्पर आबांनी तसंच ठेवलंय. सकाळी ऊन आलं की ते पत्रा ढकलतात आणि म्हैस ऊन खाते. दुधाला इतकी गिऱ्हाइकं झाली की शैलानं दही दाखवणं बंद केलं. तिला आता गरजच उरली नाही.

परवा सकाळी एक अनोळखी माणूस मोटरसायकलवरून दारात उतरला. लांबून आला होता, दोनदा वाट विचारत आला होता असं दिसत होतं.

"पावणं," त्यानं विचारलं, "त्या कोपऱ्यावरल्या बोर्डावरचं, आकाशात शोध लावल्यालं, ते तुमीच न्हवं?"

मी शर्टाची कॉलर नीट केली. गॉगल नसताना ओळखलं होतं. होय म्हणालो, मीच तो.

"म्हंजे बरोबर आलो की," तो म्हणाला आणि हँडलला अडकवलेली किटली काढली. "म्हस मागल्या अंगाला हाय न्हवं?"

मी बाजूला झालो.